१९५२ च्या ट्रकवर क्रोम का नव्हतं?

आज इंजिन नाही, हॉर्सपॉवर नाही, टॉप स्पीड तर नाहीच. आज फक्त चकाकी. जुन्या ट्रकच्या तोंडावरची जाळी, काचेभोवतीची पट्टी, व्हील कॅप, बॉनेटवरचं नाव. गाडी दुरुस्त करताना 'शोचं सामान, बघू शेवटी' म्हणून जे एका खोक्यात टाकून देतात, ते सगळं.

आधी एक काम करा. फोनवर 'शेवरोले ३१००' शोधा. गोल गोल मडगार्ड, नाकाड्या माणसासारखं मोठं बॉनेट आणि समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, असा एक अमेरिकन पिकअप ट्रक दिसेल. कॅलेंडरवर, टी-शर्टवर, कॅफेच्या भिंतीवर तुम्ही तो नक्की पाहिलेला असणार. बहुतेक फोटोंत ती जाळी आरशासारखी चमकत असते.

आता एखादा फोटो मोठा करून बघा. पुढची काच मधे दांडी असलेली, दोन तुकड्यांची आहे? दाराच्या खिडकीला पुढच्या बाजूला छोटी तिकोनी काच आहे, आपल्या पद्मिनी टॅक्सीला असायची तशी? आणि दाराचं हँडल बटण दाबून उघडायचं आहे? तिकोनी काच १९५१ ला आली, बटणाचं हँडल १९५२ ला, आणि १९५४ ला पुढची काच एकसंध झाली. म्हणजे तिन्ही खुणा जुळल्या तर ट्रक १९५२ किंवा १९५३ चा. आणि तसं असेल तर ती चमचमणारी जाळी कारखान्यातून आलेली नाही. कुणीतरी नंतर बसवलीय.

कारण त्या दोन वर्षांत ट्रकसाठी क्रोम मिळतच नव्हतं. कोरियात युद्ध चालू होतं.

माझ्या डोक्यात हे अडकून बसलं. युद्ध म्हटलं की आपण नकाशे बघतो, तह बघतो, सेनापतींची नावं पाठ करतो. इथे ते युद्ध एका शेतकऱ्याच्या ट्रकच्या जाळीवर आहे, चकाकी नसण्यात आहे. आणि आज आपण त्या ट्रकला हौसेनं चकाकी लावतो आणि ती खूण पुसून टाकतो.

पण थांबा. आधी चकाकी म्हणजे काय, ते बघू.

आपल्या आजीच्या घरी कल्हईवाला यायचा. माझ्या आजीकडे यायचा, मला चांगलं आठवतं. भट्टी पेटवायची, पितळेचं पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाचा तुकडा फिरवायचा, कापसानं पुसायचं, की आतून चांदीसारखा लख्ख थर. खालचा धातू एक, वरचा दुसरा. क्रोमचा बंपर हा त्याच जातीचा मामला आहे, फक्त भट्टीऐवजी वीज वापरतात. वस्तू रसायनाच्या टाकीत बुडवायची, वीज सोडायची, की धातूचा थर चढतो.

सुरुवातीच्या गाड्यांवर क्रोम नव्हतंच. फोर्डच्या मॉडेल टीचा रेडिएटर १९१६ पर्यंत पितळेचा होता. मग निकेलचा मुलामा आला. निकेल दिसायला छान, थोडी पिवळसर, उबदार झाक असलेलं. पण हवेत ठेवलं की काळवंडतं. दर आठवड्याला घासत बसा. क्रोमियम काळवंडत नाही हे रसायनवाल्यांना माहीत होतं, क्रोमियम सापडलं होतं १७९७ मध्ये, पण त्याचा मुलामा नीट चढवणं कुणाला भरवशानं जमत नव्हतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी १९२० च्या दशकात ते सोडवलं. १९२६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. गोम होती प्रमाणात: टाकीत क्रोमिक आम्ल आणि त्याच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढं सल्फेट. हे प्रमाण बिघडलं की काम बिघडलं.

आणि एक गोष्ट ऐकून चकित व्हाल. ज्याला आपण 'क्रोमची चमक' म्हणतो ती मुळात क्रोमची नसते. चांगल्या कामात खाली तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम असतं. निकेलचा थर साधारण दहा ते चाळीस मायक्रॉन, क्रोमचा अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर हिशेब करा! आरसा निकेलचा, क्रोम म्हणजे त्यावरचं स्क्रीन गार्ड. थोडी निळसर छटा द्यायची आणि खालच्याला काळं पडू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. युद्धाची गोष्ट कळायला हे लक्षात ठेवा, कारण अडचण नुसत्या क्रोमची नव्हती, निकेलचीही होती.

स्टेनलेस स्टीलचं प्रकरण वेगळं. तिथे क्रोमियम वर लावलेलं नसतं, आत मिसळलेलं असतं. इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये साधारण तेरा टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद ओतलं. जर्मनीत क्रुप कंपनीत त्याच सुमारास निकेल घातलेला प्रकार तयार झाला. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्रायसलर बिल्डिंगचं टोक अशाच पोलादानं मढवलं, आणि त्याच वर्षी फोर्डनं मॉडेल एच्या रेडिएटरचं कवच आणि हेडलाइट स्टेनलेसचे केले. मुलामा उडतो, सोलतो. स्टेनलेस पट्टी आरपार तीच असते, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांनी घासली तरी पुन्हा उजळते. जुन्या गाड्यांची कामं करणारे तिच्यावर जीव टाकतात तो यासाठी.

आता ट्रक. शेवरोलेनं जून १९४७ मध्ये हे नवं रूप बाजारात आणलं, नाव 'ॲडव्हान्स डिझाइन'. आपल्याकडे स्वातंत्र्य जेमतेम सात आठवड्यांवर आलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका, चार वर्षं नवी गाडी न मिळालेले लोक, आणि हा ट्रक. तीन माणसं मावतील अशी ऐसपैस केबिन. तुफान खपला. पण घेणारे कोण? शेतकरी, प्लंबर, दूधवाले, किराणा दुकानदार. ठरलेला रंग होता फॉरेस्ट ग्रीन, गडद हिरवा. जाळी रंगवलेली. चकाकी हवी असेल तर जास्तीचे पैसे द्या. डिलक्स केबिन घेतली की खिडक्यांभोवती स्टेनलेसच्या पट्ट्या, क्रोमची जाळी. कोंबड्यांचं खाद्य वाहणारा माणूस त्यासाठी पैसे का देईल? काहींनी दिलेही, हौसेला मोल नसतं. पण बहुतेकांनी नाही दिले.

म्हणजे फोटोतला झगमगीत ट्रक तेव्हाही नेहमीचा नव्हता.

मग २५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकी सरकारनं त्याच वर्षी एक नवं खातं काढलं, कुठला धातू कोणाला किती द्यायचा हे ठरवायला. निकेल लागत होतं जेट इंजिनांना, चिलखती पोलादाला. क्रोमियम लागत होतं त्याच पोलादांना. अमेरिकेकडे स्वतःचं क्रोमियम जवळजवळ नव्हतं, खनिज जहाजांनी यायचं, तुर्कस्तानातून, दक्षिण आफ्रिकेतून, ऱ्होडेशियातून. (जाता जाता: क्रोमाइटचं खनिज आपल्या सिंधुदुर्गातही आहे, कणकवलीजवळ. कोकणात आंब्याखाली काय काय पुरलंय!) अशा वेळी बंपर चमकवायला निकेल देणार कोण?

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पर्ल हार्बरनंतर १९४२ च्या सुरुवातीला तर चकचकीत पट्ट्यांवर सरळ बंदीच आली होती. त्या काही आठवड्यांतल्या गाड्यांवर पट्ट्या आहेत, पण रंगवलेल्या. संग्राहक त्यांना 'ब्लॅकआउट' गाड्या म्हणतात. नंतर फेब्रुवारीत मोटारी बनवणंच थांबलं.

कोरियाच्या वेळी गाड्या बनत राहिल्या, चकाकी कापली गेली. कारवाल्यांनी एक जुगाड केला. निकेल वगळून तांब्यावरच थेट क्रोम चढवलं आणि वरून पारदर्शक लॅकर फासलं. शोरूममध्ये सुंदर. एक-दोन हिवाळे, रस्त्यावरचं मीठ, आणि खालून हिरवट डाग, मग गंज. १९५२ च्या कारचं मूळ क्रोम चांगल्या अवस्थेत फारसं सापडत नाही, त्याचं कारण हे. मघाशी सांगितलं ना, आरसा निकेलचा असतो. आरसाच काढला.

ट्रकवाल्यांनी जुगाडही केला नाही. त्यांनी रंग लावला. १९५१ च्या मधल्या काळापासून शेवरोलेच्या ट्रकवरून क्रोमची जाळी गेली, बंपर रंगले, व्हील कॅप रंगल्या, डिलक्सच्या खिडक्यांवरच्या चकचकीत पट्ट्याही गेल्या. हिरव्या ट्रकला हिरवी जाळी. १९५४ मध्ये समोरचं तोंडच बदललं, तेव्हा क्रोमची जाळी पुन्हा यादीत आली.

इथवर इतिहास. आता हात काळे करू. समजा, असा ट्रक तुमच्या हाती आला, खोकंभर पट्ट्यांसह. पहिला प्रश्न 'कसं घासू?' हा नाही. पहिला प्रश्न, हा धातू कोणता?

लोहचुंबक घ्या. घट्ट चिकटला तर बहुधा पोलादावर मुलामा. नाही चिकटला आणि पट्टी हलकी असेल तर ॲल्युमिनियम. नाही चिकटला आणि वस्तू हाताला जड लागली तर जस्ताचं ओतकाम. बॉनेटच्या बाजूचं नाव बहुधा या शेवटच्या जातीतलं असतं. पण चुंबकावर आंधळा विश्वास नको. स्टेनलेसचे दोन घराणे आहेत: निकेलवालं चुंबकाला दाद देत नाही, बिननिकेलवालं देतं, आणि गाड्यांच्या पट्ट्यांसाठी दोन्ही वापरलेत. म्हणून मागची बाजू बघा. मागे लाल गंज असेल तर साधं पोलाद. मागूनही पांढरी, स्वच्छ असेल तर स्टेनलेस, नशीब काढलंत.

स्टेनलेसची पट्टी काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची नाही. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर, एकेक क्लिप, सावकाश. काढली की लगेच मागे चिठ्ठी: डावी, उजवी, वर, खाली. मग पोचे. पट्टी पालथी घालायची, खाली गुळगुळीत लाकूड किंवा छोटी ऐरण, आणि मागून लहान हातोडीचे हलके ठोके. जोरात एक ठोका मारण्यापेक्षा हलके पन्नास बरे. एका पोच्याला पाऊण तास लागला तर तो वाया गेला असं समजू नका. मधूनमधून समोरून बारीक कानस नुसती फिरवायची. उंचवटे चकाकतात, खड्डे मळकट राहतात. कुठे अजून ठोकायचं ते कानस सांगते.

मग वॉटर पेपर. ३२० किंवा ४००, मग ६००, ८००, १०००, कुणी १५०० पर्यंत जातो. पाणी भरपूर. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसतात. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. इथे आळस केला तर तो नंतर लपत नाही. उलट बफ मारल्यावर ठळक दिसतो.

शेवटी बफिंग. आधी कडक सिसलचं चाक, मग मऊ सुती. चाकाला लावायची ती हिरवी वडी पाहिलीय? ती हिरवी असते क्रोमियम ऑक्साइडमुळे. क्रोमियमवालं पोलाद क्रोमियमच्याच भुकटीनं उजळतं, मला हे फार आवडतं. पण हे यंत्र लाडात येण्यासारखं नाही. पट्टी चाकाच्या मधल्या रेषेच्या खाली धरायची, आणि चाकानं पट्टीच्या कडेवरून बाहेर सरकावं, कडेवर चालून येऊ नये. कड अडकली की पट्टी हातातून हिसकली जाते, तलवारीसारखी फिरते. चेहऱ्यावर ढाल, नाकाला मास्क, लोंबणारी बाही नको, ओढणी नको, मोकळे केस नको. एका जागी थांबायचं नाही, पातळ पट्टी तापून वाकडी होते.

ॲल्युमिनियम असेल, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटच्या ट्रकवर असतं तसं, तर त्यावर ॲनोडायझिंगचा कडक पारदर्शक थर असतो. तो काढल्याशिवाय कितीही घासा, पितांबरी घ्या नाहीतर अजून काही, धुरकटपणा जात नाही. थर काढायला कॉस्टिक सोडा लागतो, तोही जपून: हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. आणि काढल्यावर चमकवलेली पट्टी उघडी पडते, पुन्हा ॲनोडाइझ करा किंवा मेण लावत राहा.

आणि क्रोम? क्रोमला पॉलिश पेपर लावायचाच नाही. अर्धा मायक्रॉन, आठवतंय ना? वरवरचा गंज असेल तर चपात्या गुंडाळायचा फॉइल घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि गंजाचे ठिपके निघतात. स्वस्तात मस्त. पण जिथे थर सोलला आहे तिथे फॉइल काय करणार? तिथे पुन्हा मुलामाच.

इथे गोष्ट जरा गंभीर होते. पुन्हा क्रोम करायचं म्हणजे जुना थर उतरवायचा, धातू घासायचा, तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमची टाकी. त्या टाकीत सोडलेल्या विजेचा लहानसा हिस्साच क्रोम चढवतो, बाकीची पाण्यातून हायड्रोजन सोडते. त्याचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुड्याबरोबर आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत उडतो. त्या तुषारात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. फुप्फुसाचा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची नोंद आहे. जुन्या काळातल्या प्लेटिंग कामगारांच्या नाकातल्या पडद्याला भोकं पडायची. 'एरिन ब्रोकोविच' पाहिलाय? त्यातल्या गावाच्या पाण्यात मिसळलेलं रसायन हेच, तिथे ते एका गॅस कंपनीच्या कूलिंग टॉवरमधून आलेलं. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानं नियम केला: शोभेच्या कामासाठी हे रसायन २०२७ पासून बंद, काही कारखान्यांना अटींवर थोडी मुदत. पर्याय आहे, ट्रायव्हॅलंट क्रोमियम. खूपच कमी घातक, पण रंगाची छटा किंचित वेगळी, म्हणून जुन्या गाड्यांचे हौशी नाकं मुरडतात. माझं मत सरळ आहे. त्या छटेसाठी कुणाचं नाक-फुप्फुस पणाला लावायचं नाही. आणि आपल्याकडच्या छोट्या प्लेटिंगच्या दुकानात काम द्यायला गेलात तर आधी टाकीवर हवा ओढणारा पंखा आहे का ते बघा, मग भाव विचारा.

आपल्याकडे, म्हणताना आठवलं. शेवरोले मुंबईला परकी नव्हती. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग खोक्यांतून बंदरावर यायचे, शिवडीत कार आणि ट्रक जोडले जायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं, नुसती जोडणी नको, इथे बनवायचं असेल तर थांबा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीचं काम बंद केलं. म्हणजे अमेरिकेत क्रोम परत आलं त्याच वर्षी शिवडीतली शेवरोले संपली.

परत आपल्या १९५२ च्या ट्रककडे. आज बाजारात नवी क्रोमची जाळी तयार मिळते. हिरवी जाळी लावलेला ट्रक शेजारी उभा केला तर लोक विचारतात, 'काम अर्धं राहिलंय का?' मालकाची गाडी, मालकाची मर्जी, मी कोण सांगणारा. पण प्रत्येकानं असंच केलं तर पन्नास वर्षांनी सगळे ट्रक डिलक्स असतील, आणि ज्यानं हिरव्या जाळीचा ट्रक घेऊन त्यावर कर्ज फेडलं तो शेतकरी कुठेच दिसणार नाही. स्टेनलेस मूळची असेल तर घासा, खुशाल घासा. नव्हतं ते चढवायच्या आधी मात्र एकदा तपासा.

तपासायचं कसं? जुनी मूळ जाळी अजून असेल तर ती सोडवा. जिथे पट्टी दुसऱ्या पत्र्यावर टेकलेली असते, बोल्टखाली, मागच्या दुमडीत, तिथे ऊन पोचलेलं नसतं. तिथे १००० नंबरचा ओला पेपर घेऊन नाण्याएवढी जागा अगदी हळू घासा. रंगाचे थर गोल वलयांसारखे उघडे पडतात, झाडाच्या खोडासारखे. वरचा लाल कुणीतरी ऐंशीच्या दशकात मारलेला असेल, खाली पांढरा, त्याखाली प्रायमर. आणि सगळ्यात तळाशी पत्र्याला चिकटून गडद हिरवा दिसला, आणि त्याखाली तांबं-निकेल काही नसून थेट पोलाद असेल, तर तेव्हा कारखान्यानं काय केलं होतं ते तुम्हाला कळलं. फोटो काढून ठेवा, मग पुढचं ठरवा.

चला, पुढच्या भागात भेटू.